साहेबाच्या जोडीचा मान

मी अजून सावरलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. पोळा होऊन गेला, बैलांच्या शिंगांचा रंग उडाला, सोयाबीन कापणीला आलं, आणि मी इथे यवतमाळच्या घरात भाजी निवडता निवडता मध्येच थांबते आणि स्वतःशीच म्हणते, असं कसं झालं गं बाई? नवरा म्हणतो, आता पुरे कर. त्याला काय जातंय पुरे म्हणायला! त्याच्या घरचा मान थोडाच होता तो.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. पोळ्याच्या दिवशी गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या बैलजोड्या सजून अलीकडे उभ्या राहतात, आणि मानाची जोडी तोरणाखालून पहिल्यांदा गेली की पोळा फुटतो. बाकीच्या गावांत हा मान पाटलाचा असतो. आमच्या गावात तो साहेबाच्या जोडीचा. साहेब म्हणजे खराखुरा गोरा साहेब, इंग्रजांच्या राज्यात स्कॉटलंडहून आलेला. त्याला जाऊन जमाना झाला, पण त्याच्या नावानं आमच्या घरची जोडी उभी राहते आणि तिचा कासरा माझ्या बाबांच्या हातात असतो. बाबांच्या आधी आजोबांच्या हातात होता, त्यांच्या आधी पणजोबांच्या. पणजोबा साहेबाकडे कामाला होते आणि गाव सोडताना साहेबानं खूश होऊन हा मान त्यांना दिला, असं आमच्या घरात सांगत.

लहानपणी मला वाटायचं, साहेब म्हणजे तिकडचा कोणी सरदार असणार. घोडे, हवेली, चांदीची ताटं. आठवीत असताना मी बाबांना विचारलं, "बाबा, साहेब तिकडं कोण होता हो?" बाबा बैलाच्या पाठीवर पाणी टाकत होते. मागे न बघता म्हणाले, "लोहार. घोड्याईले नाल ठोके." मी बादली हातात धरून तशीच उभी. लोहार? आमचा साहेब? मी शाळेत मैत्रिणींना काय काय सांगून ठेवलं होतं! दोन दिवस मी बाबांशी धड बोलले नाही.

पण बाबांना त्याच गोष्टीचा अभिमान होता. साहेबाच्या घरी खायला पुरत नव्हतं, भाऊ-बहिणी ढीगभर, म्हणून पोरवयातच तो भट्टीवर बसला. पुढे कापसाच्या गाठी दाबायची यंत्रं बोटीनं इकडे आली, त्यांच्याबरोबर ती जोडायला हा आला. वर्षभरात कारखान्याच्या मालकाशी भांडला आणि नोकरीवर लाथ मारली. दुसरा कोणी असता तर पुढच्या बोटीनं घर गाठलं असतं. यानं यवतमाळात स्वतःची भट्टी टाकली. बंडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवून द्यायचा, नांगराचे फाळ करायचा, आणि आपल्याकडचा फाळ वाकला तर पुन्हा फुकट सरळ करून द्यायचा. त्यामुळे शेतकरी त्याच्याकडेच जायचे. मराठी बोलायचा तर तीही आपली वऱ्हाडी. "काहून बे, बैल विकून आला काय?" असं म्हणायचा म्हणे, आणि लोक हसून लोटपोट व्हायचे. त्यातून पैसा झाला, स्वतःची जिनिंग झाली, आमच्या गावात कापसाची जमीन झाली. आणि मग त्याला राजकारणाची चटक लागली. लोकल बोर्डावर निवडून आला, अध्यक्षही झाला. गावातली पांढरीची विहीर त्याची, राळेगावकडे जाणारा जुना रस्ता त्याचा, शाळेची पहिली खोली त्याची. बाबा हे सगळं असं सांगायचे, जसं काही स्वतः त्याच्या बाजूला उभे होते.

यंदा पोळ्याच्या पंधरवडाभर आधी मला गावातून फोन आला. सरपंच बाई आहे, पण फोन अर्थातच सरपंचपतीचा. "मॅडम, गावच्या प्रवेशद्वाराले साहेबाचं नाव देऊन राह्यलो आपण. तुम्ही रिटायर मास्तरीण, तुमच्याशिवाय कोण लिहीन? साहेबाचं चरित्र दोन पानं लिहून आणा. पोळ्यात भोंग्यावर वाचू." मी हरखले. खोटं कशाला बोलू, साडी कोणती नेसायची तेही ठरवून टाकलं. त्यातच बाबांनी जाहीर केलं होतं की हा त्यांचा शेवटचा पोळा. ऐंशी उलटली, गुडघे गेलेत. यंदा तोरणाखाली सगळ्या गावासमोर ते कासरा माझ्या भावाच्या हाती देणार होते. भाऊ यवतमाळजवळ लोहारा गावच्या कारखान्यात नोकरी करतो, सुट्टी टाकून येणार होता. आजकाल गावात जोड्या उरल्यात किती? आमचीसुद्धा फक्त या मानासाठी पोसलेली. बाबांचा सगळा जीव त्यात. मेलो तरी चालीन, पण मान घरातून जाऊ नये, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं बोलणं.

मी आठ दिवस आधीच गावी गेले. बाबांकडून जे मिळायचं ते मिळालं होतं, म्हटलं अजून कोणाला तरी विचारावं. आमच्या समोरच्या घरात मोठीआई राहते. नात्याची नाही, पण जन्मापासून मी तिला मोठीआईच म्हणते. गावात तिच्याहून म्हातारं कोणी नाही. पाय गेलेत, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. त्या घरची एक गोष्ट गावाला माहीत होती. त्यांच्याकडे पोळा नसतो. बैल होते तेव्हाही त्यांनी ते कधी तोरणाशी आणले नाहीत. त्या दिवशी त्यांच्या घरी साधी भाकरी आणि डाळ. आम्ही पोरं पुरणपोळीचं ताट घेऊन गेलो तर घेत नसत, आणि दुसऱ्या दिवशी तेच ताट नेलं तर हसत हसत घेत. कोण्या जमान्यात त्यांचा तरणा माणूस पोळ्यात बैलानं मारला, म्हणून त्यांना पोळा लाभत नाही, असं सगळे सांगत. मीही सांगत आले.

तर मी दुपारची गेले. मोठीआई दारात बसून शेंगा सोलत होती. मी वही उघडली आणि मोठ्या उत्साहानं म्हटलं, "मोठीआई, साहेबाचं काही सांग ना. तुझ्या सासूनं सांगितलं असेल की. त्याची ती जोडी कशी होती? पांढरी होती का गं?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तुह्या बापानं नाही सांगितलं तुले?"

"काय?"

"साहेबापाशी बैल होतेच कुठी वं? घोडा होता त्याच्यापाशी."

मला कळेना. मी म्हटलं, "मग तोरणाखालून गेली ती जोडी?"

"ते आमची होती," मोठीआई म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं, सावकाश, मध्ये मध्ये शेंगा सोलत.

गावचा मान पूर्वी या समोरच्या घरचा होता. मोठीआईच्या नवऱ्याच्या आज्याची जोडी तोरणाखालून जायची. ज्याची जोडी पहिली, त्याच्या शब्दाला गावात वजन. बोर्डाची निवडणूक पुन्हा जवळ आली होती आणि साहेबाला या गावाचा शब्द पाहिजे होता. आजा म्हणाला, तू माणूस चांगला, फाळ चांगला करतो, पण बोर्डावर आमचा माणूस उभा आहे. झालं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आज्याची जोडी कोंडवाड्यात. साहेबाच्या उभ्या कापसात शिरली असा आळ. कोंडवाडा बोर्डाचा, बोर्ड साहेबाचा, आणि कोंडवाड्याची किल्ली होती माझ्या पणजोबांकडे. आजा दंड घेऊन दारात उभा, तर किल्लीवाला गायब. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गायब.

"मले सासूनं सांगितलं," मोठीआई म्हणाली, "आजा रिकाम्या हातानं पोळा पाहाले गेला. तर समोरून साहेबाची जोडी आली. अंगावर नव्या झुली, शिंगाले रंग, कपाळावर बेगड. अन् कासरा तुह्या पणज्याच्या हातात. आज्यानं पाह्यल्याबरोबर वळखलं. बैलाईनं बी वळखलं त्याले. तोरणाखाली येऊन उभेच राह्यले, पुढं पाऊल टाकेना. मान त्याच्याकडं. तुह्या पणज्यानं तुतारी, आरेची काठी, उचलली टोचाले. आज्याले वाटलं, मी इथी उभा राह्यलो तर हे मार खाईन. म्हणून तो मागं फिरला अन् घरी आला. मंग बैल गेले तोरणाखालून."

मी म्हटलं, "पण गावानं नाही ओळखली? गावात कोणाचा बैल कोण ओळखत नाही!"

"साऱ्यानं वळखली. पोट्ट्याईनं बी वळखली. कोणी बोललं नाही. साहेबाचा फाळ साऱ्याईले पाह्यजे होता."

दुसऱ्या दिवशी दंड घेऊन जोडी सोडली. आज्यानं ती बाजारात नेऊन विकून टाकली. ज्यांना डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावानं तोरणाखालून नेलं, त्यांच्या मानेवर जू ठेवायला त्याचा हात होईना. तेव्हापासून त्या घरात पोळा नाही. आणि बैलानं मारलेला तरणा माणूस? असा कोणी नव्हताच. तो गावानं नंतर कधीतरी बनवला. इतकी वर्षं मी स्वतः ती खोटी गोष्ट पोरांना सांगत होते, आणि मोठीआई समोरच्या घरात बसून ऐकत होती!

मी तरातरा घरी आले. बाबा गोठ्यात मठाट्यांना तेल लावत होते, म्हणजे बैलांच्या कपाळावर बांधतात त्या. मनात होतं, आपण म्हाताऱ्या बापाला हे सांगून त्याचं काळीज कसं फाडायचं? शब्द जुळवत होते मी. म्हटलं, "बाबा, ती जोडी साहेबाची नव्हती."

बाबा म्हणाले, "मले माहीत हाय."

आई शप्पथ, मोठीआईनं सांगितलं तेव्हा मी इतकी हादरले नव्हते. मी म्हटलं, "कधीपासून माहीत आहे?"

"कासरा हाती आला तवापासून. देताना सांगाचं असते. माह्या आज्यानं माह्या बापाले सांगितलं, त्यानं मले. आता मी तुह्या भावाले सांगणार होतो."

"आणि मग?"

"मंग काय? सांगाचं अन् चूप राहाचं. असंच चालत आलं."

मी किंचाळलेच. म्हटलं, "अहो, समोर राहतात ते! रोज तुम्ही त्यांच्याकडे चहा पिता! ती बाई पोळ्याच्या दिवशी भाकरी खाते आणि तुम्ही फेटा बांधून मिरवता? तुम्हाला काहीच वाटलं नाही?" बाबा माझ्यावर कधी हात उगारत नसत, पण त्या दिवशी मठाटी भिंतीवर फेकून मारली. "वाटते बाई! दरसाल वाटते. पण आपल्या घरी दुसरं हाय काय? कोण वळखते आपल्याले? बोललो की गेला मान. तुह्या भावाच्या हाती मंग काय देऊ, दोरी?" आणि ते रडायला लागले. मी बाबांना रडताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी आपली भिंतीजवळ जाऊन मठाटी उचलत बसले.

त्यानंतर दोन दिवस ते गोठ्यातच बसून होते. पोळ्याच्या सकाळी आंघोळ करून, कासरा खांद्यावर टाकून समोरच्या घरी गेले. मी मागे मागे. मोठीआई खाटेवर होती, तिचा मुलगा बाजूला उभा. बाबांनी कासरा तिच्या पायाशी ठेवला. "वहिनी, मान तुमचा हाय. यंदा तुमच्या पोरानं धरावा."

मुलगा बिचारा गडबडला. तोही साठीचा. म्हणाला, "काका, आमच्याकडं बैल कुठी हायेत? ट्रॅक्टर हाय."

मोठीआईनं कासऱ्याला हातही लावला नाही. म्हणाली, "मले मान नोको भाऊजी. नुसतं सांगा. तोरणाखाली उभं राहून, साऱ्या गावापुढं सांगा जोडी कोणाची होती ते. तवा सारे चूप राह्यले ना, एकानं तरी बोलावं. मी इथी दारात बसून आईकते."

बाबांनी कासरा उचलून पुन्हा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "सांगतो." घरी येऊन त्यांनी मला बजावलं, "तुहे ते पानं फाडून टाक. मी बोलीन." भावालाही सांगितलं की आज कासरा मिळणार नाही, कारण आजनंतर मान राहणार नाही. त्याला मी स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं.

आता आमच्याकडच्या पोळ्यात झडत्या म्हणतात. झडती म्हणजे टोमणेबाज कवन. तोरणाखाली उभं राहून कोणीही म्हणतो, त्यात सरकार, सावकार, सरपंच, स्वतःची बायको, कोणाची गय नसते. झडती संपली की सगळा गाव एका आवाजात "हर हर महादेव" ओरडतो. हल्ली त्याला बक्षीसही ठेवतात. संध्याकाळी ढोल वाजत होते, डीजे वेगळाच बोंबलत होता, दोनतीन झडत्या झाल्या होत्या, गाव रंगात आलं होतं. बाबा आमची जोडी घेऊन तोरणाखाली आले. सरपंचपतीनं माइक पुढे केला. ढोल थांबले. बाबांनी माइक घेतला, म्हणून कासरा भावानं धरला. मी एकदा आमच्या गल्लीकडे पाहिलं, पण तिथून मोठीआईचं दार दिसत नव्हतं.

बाबा बोलले. आवाज खणखणीत लागला त्यांचा. "आईका रे! हे जोडी आमची नाही. साहेबाची बी नाही. आमच्या समोरच्या घरची हाय. माह्या आज्यानं चोरली, साहेबानं मिरवली, अन् साऱ्या गावानं पाह्यली!"

आणि गाव गरजलं, "हर हर महादेव!"

मला क्षणभर कळलंच नाही. ढोलावर काठी पडली, कोणीतरी तोरण ओढलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि मागच्या जोड्या सुटल्या. आमचे बैलही भावाला ओढत पुढे निघाले. बाबा माइकमध्ये ओरडत होते, "अरे झडती नाही बे! खरं सांगून राह्यलो! थांबा रे!" आणि लोक अजून जोरात हसत होते. टाळ्या पडत होत्या. कोणीतरी म्हणालं, "साहेब म्हणजे सरपंच बे! बुढ्यानं यंदा त्याले चांगलंच धुतलं!" मी गर्दीत घुसले, लोकांचे दंड धरधरून सांगत सुटले, अहो, खरं आहे हे, चरित्र आहे हे साहेबाचं! माझी एके काळची एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीच लिहून देल्ली ना? मस्त जमली!"

आणि अर्ध्या तासानं पहिलं बक्षीस बाबांना. कुकर. सरपंचपतीनं फेटा बांधून हातात दिला, फोटो काढला, माइकवर सांगितलं की साहेबाच्या जोडीचा मान असाच पिढ्यान्‌पिढ्या राहो. बाबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. कोणी दिलेली वस्तू हातात धरायची असते एवढंच त्यांना सुचत होतं.

आम्ही घरी न जाता सरळ समोर गेलो. मोठीआई दारात बसलेली होती, सांगितल्याप्रमाणे. अंगावर नवीन लुगडं होतं. पोळ्याच्या दिवशी त्या घरात नवीन लुगडं मी पहिल्यांदा पाहिलं. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले, कुकर काखेत. म्हणाले, "वहिनी, म्या सांगितलं वं. साऱ्याईपुढं सांगितलं."

"आईकलं भोंग्यातून," मोठीआई म्हणाली. "टाळ्या बी आईकल्या."

तिनं मुलाला हाक मारली, मले आत घे म्हणाली. मुलानं तिला उचलून आत नेलं आणि दार लोटून घेतलं.